नाक वर

विमान का पडते, असे विचारले की वर्गातल्या मुली सांगतात, “आपा, इंजिन बंद पडते.” मीही तेच समजत होते.

११ एप्रिल १९९६ रोजी अमेरिकेतल्या शायेन विमानतळावर इंजिन चालूच होते. सात वर्षांची जेसिका डब्रॉफ, तिचे वडील आणि प्रशिक्षक छोट्या सेसनातून निघाले. देश ओलांडून विक्रम करायचा होता. भोवती वादळ, विमानात जादा वजन आणि सहा हजार फुटांवरची विरळ हवा. वेग कमी असताना नाक वर ओढले, की पंखावरून वाहणारी हवा सुटते आणि पंख विमान पेलत नाही. हाच स्टॉल. नाक खाली करून वेग घ्यावा, तर उंचीच नाही. तिघेही गेले. चौकशीत ठपका प्रशिक्षकाच्या निर्णयावर आला. पण घाईचे वेळापत्रक आणि वार्ताहरांना दिलेला शब्द, यांचीही नोंद झाली.

ते वाचून मला दुसरीतली एक मुलगी आठवली. अंगात ताप असताना मी तिला तालुक्याच्या वक्तृत्व स्पर्धेत उभे केले होते. “आपा, आज नको,” म्हणाली होती. पण नाव देऊन झाले होते, पाहुणे आले होते. ती दोन वाक्ये बोलली आणि खाली बसली. न्यायला आलेल्या तिच्या अम्मीने मलाच सलाम करून शुक्रिया म्हटले.