वेगाच्या बदल्यात जागा

कॅबिनेटच्या कोपऱ्यात बसणारा आणि बाजारात 'एसएमपीएस' या आद्याक्षरांनीच मागितला जाणारा वीजपुरवठ्याचा डबा हा डेस्कटॉप संगणकाचा सर्वांत उपेक्षित भाग म्हणावा लागेल. प्रोसेसरची आणि मेमरीची चर्चा घरोघरी होते, पण या डब्याची आठवण तो बंद पडल्यावरच येते. भिंतीतून येणारी 230 व्होल्टची प्रत्यावर्ती धारा, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तने करणारी वीज, घ्यायची आणि तिचे 12, 5 व 3.3 व्होल्टच्या दिष्ट, म्हणजे एकाच दिशेने वाहणाऱ्या, धारेत रूपांतर करायचे, हे त्याचे काम. मोठ्या कॅबिनेटमध्ये हा डबा बदलणे म्हणजे चार स्क्रूंचा मामला असतो. लहान कॅबिनेटमध्ये मात्र तेच काम इंचाइंचाचा हिशेब मागते.

इंटेलने 1995 साली पुढे आणलेल्या एटीएक्स मापाचा डबा 150 मिलिमीटर रुंद, 86 उंच आणि साधारणपणे 140 खोल असतो. जेमतेम 170 मिलिमीटर चौरस मदरबोर्डाभोवती बेतलेल्या छोट्या कॅबिनेटसाठी जे एसएफएक्स माप वापरतात, ते 125, 63.5 आणि 100 मिलिमीटरांचे, म्हणजे घनफळाने निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा डब्यातून साडेसातशे वॅट मिळू शकतात, याचे रहस्य 'एसएमपीएस'मधल्या 'स्विच्ड मोड' या शब्दांत आहे. सेकंदाला 50 आवर्तनांच्या विजेवर चालणाऱ्या रोहित्राला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, लोखंडाचा जड गाभा लागतो. तीच वीज आधी दिष्ट करून सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली, तर प्रत्येक फेरीत वाहून न्यायची ऊर्जा इतकी थोडी उरते की मुठीत मावणारा फेराइटचा गाभा पुरतो. वेग देऊन जागा मिळवण्याचा हा व्यवहार आहे, आणि तो फुकट होत नाही: दाटीत उष्णता साचते, आणि 120 मिलिमीटरच्या पंख्याइतकीच हवा हलवायला 92 मिलिमीटरच्या पंख्याला अधिक जोराने फिरावे लागते, म्हणून तो आवाजही करतो.

डब्याच्या आत वेगाने जे साधले, ते डब्याबाहेर मात्र सावकाशीनेच साधावे लागते. एका खोलीच्या बिऱ्हाडात कपाटाची भिंत ठरल्याशिवाय पलंग आत आणता येत नाही, तसेच येथेही क्रम हेच खरे कौशल्य असते. पंख्याची बाजू जाळीकडे आहे ना, हे आधी पाहायचे. मदरबोर्डाला वीज देणारी 24 पिनांची जाड, ताठर केबल डबा स्क्रूंनी आवळण्यापूर्वीच वाटेला लावायची, कारण नंतर बोटे तिथवर पोहोचत नाहीत. कनेक्टर सरळ दाबून त्याच्या बाजूची कडी 'टक्' करून अडकली की नाही, हे कानांनी तपासायचे. आणि उरलेल्या वायरी बांधून पंख्याच्या पात्यांपासून दूर ठेवायच्या. सुट्या केबलींच्या, म्हणजे मॉड्युलर, डब्यात आणखी एक सापळा असतो: केबलीचे मदरबोर्डाकडचे टोक प्रमाणित असले, तरी डब्याकडच्या टोकातील पिनांची मांडणी निर्मात्यागणिक बदलते, त्यामुळे नीट बसलेली जुनी केबलही नव्या डब्यावर हार्ड डिस्क जाळू शकते. तसेच डब्यातील मुख्य धारित्र, म्हणजे वीज साठवून ठेवणारा कपॅसिटर, वायर काढल्यावरही तीनशे व्होल्टांहून अधिक दाब काही काळ धरून राहू शकतो. म्हणून डबा बदलावा, पण उघडू नये.

हे सारे नीट जमल्यावर कळ दाबली, तरी संगणक लगेच जागा होत नाही. हिरव्या वायरीवरून डब्याला सुरू होण्याचा आदेश जातो, तो आपले व्होल्ट स्थिर करतो, आणि त्यानंतर सेकंदाच्या दहाव्या ते निम्म्या भागाइतके थांबून राखाडी वायरीवरून 'वीज ठीक आहे' असा संकेत देतो; तो येईपर्यंत मदरबोर्ड प्रोसेसरला कामाला लावत नाही. ज्या यंत्राचा लहानपणा वेगावर उभा आहे, त्याच्या रचनाकारांनीही सुरुवातीलाच ही थांबण्याची अट घालून ठेवली आहे. बसवणाऱ्याने पाळलेला क्रम हे त्याच शिस्तीचे हाताने केलेले रूप होय.