कलम चारची नोटीस

उरणच्या माणसाला गोळीबाराची दोन सालं पाठ असतात, 1930 आणि 1984. पहिलं चिरनेरचं. 25 सप्टेंबरला अक्कादेवीच्या माळरानावर जंगल सत्याग्रह झाला. इंग्रजांच्या जंगल कायद्याने सरपणाची मोळीसुद्धा गुन्ह्यात जमा केली होती, म्हणून आगरी, कोळी, कातकरी सगळे एकत्र उठले. गोळ्या सुटल्या आणि नाग्या कातकरीसह कितीतरी माणसं पडली. दुसरं साल जासईचं. 16 आणि 17 जानेवारीला दास्तान फाट्यावर आणि पागोट्याला, नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या रास्त मोबदल्यासाठी शेतकरी नेते दि. बा. पाटलांच्या मागे उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण गेले. तेव्हा सरकार आपलं होतं, पोलीस आपले होते. भूसंपादनाचा कायदा मात्र 1894 चा, इंग्रजांनी केलेला.

राज्यकर्ते गेले तरी त्यांचं काय मागे उरतं, हा प्रश्न एकट्या आपला नाही. 2022-23 मध्ये माली, बुर्किना फासो, नायजर या देशांनी फ्रान्सच्या सैन्याला जायला लावलं. पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतले कितीतरी देश आजही 1945 साली फ्रान्सने आखून दिलेलं चलन वापरतात, आणि जुन्या मालकाची पकड किती उरली यावर तिथे रोज वाद झडतो. आपल्याकडे हा वाद फारसा होत नाही. इथे ना इंग्रजांची छावणी उरली, ना त्यांचा पैसा. पण संविधानाच्या कलम 372 ने आधीचे कायदे चालू राहिले, आणि ते बदलायचा अधिकार हातात असूनही आपण कितीतरी वर्षं तो वापरला नाही.

तो 1894 चा कायदा उरणच्या घराघरांत कलमांच्या नंबरांनी ओळखला जायचा. आधी कलम चारची नोटीस, मग कलम सहाची घोषणा. जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी हवी, असं सरकारने कलम सहाखाली जाहीर केलं की ते जाहीर करणं हाच त्या प्रयोजनाचा निर्णायक पुरावा! म्हणजे मागणारं सरकार, आणि मागणी योग्य ठरवणारंही सरकारच. ज्या आजोबा-पणजोबांनी खाडीला बांध घालून, उघाडी राखून खाऱ्या जमिनीतून भात काढलं, त्यांच्या नातवाच्या हातात एवढंच राहिलं की भाव कमी मिळाला म्हणून कोर्टात जायचं. गोऱ्या सरकारला रयत अशीच हवी होती. स्वतंत्र देशाच्या सरकारलाही ती तशीच सोयीची वाटली, याचं मला जास्त दुःख होतं.

न्हावा-शेवा बंदर 1989 ला सुरू झालं, ते देशाला हवंच होतं, असं लोक म्हणतात. मलाही ते मान्य आहे. बंदराला विरोध नव्हताच, विचारलं नाही याला होता. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड सरकारने उदारपणे दिले नाहीत, ते त्या पाच जणांच्या रक्तावर मिळाले. 1894 चा कायदा शेवटी 1 जानेवारी 2014 ला गेला. नव्या कायद्यात खासगी प्रकल्पांसाठी जमीनमालकांची संमती आली, सामाजिक परिणामांचा अभ्यास आला. जंगल कायदा मात्र अजून 1927 चाच आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याच्या प्रस्तावनेत संसदेने ऐतिहासिक अन्याय झाल्याचं कबूल केलं, तरी कातकरी वाड्यांवर दाव्यांच्या फायली घेऊन फिरणारी माणसं आजही दिसतात.

आता अटल सेतू चिर्ले इथे उतरतो, आणि कर्नाळा-साई-चिरनेर नावाचं नवं नगर उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतल्या 124 गावांवर आखलं जातंय. ज्या चिरनेरला दर 25 सप्टेंबरला हुतात्म्यांना मानवंदना दिली जाते, त्याच गावाचं नाव या नगराच्या अधिसूचनेत आहे. हरकती मागवल्या म्हणजे विचारलं असं होत नाही. नकाशावर रेघ ओढण्याआधी तो नकाशा घेऊन अधिकाऱ्यांनी चिरनेरच्या ग्रामसभेत यावं, सातबारा ज्याच्या नावावर आहे त्याच्यासमोर बसावं, आणि तो नाही म्हणाला तर ते ‘नाही’ इतिवृत्तात लिहून घ्यावं.