आमची विजेची सायकल

दांडिया बाजारातून अलकापुरीस जावयाचे म्हणजे काळा घोडा ओलांडून स्टेशनाजवळच्या गरनाळ्यातून पलीकडे निघावे लागते. गरनाळ्यात उतरताना कोणतेही वाहन गुणी वाटते. त्याची परीक्षा वर चढताना होते. आमची सायकल त्या परीक्षेत सपशेल नापास झाली. पुढे दोन डबे, मागे चार डबे, मध्ये आमची आई आणि पाठीमागून रिक्षांचे भोंगे! त्या दिवशी आईने सायकल ढकलत वर आणली. जेवणाचे डबे पाऊण तास उशिरा पोहोचले आणि एक गिऱ्हाईक कायमचे तुटले.

सायकल विजेवर चालणारी आणि अर्थातच जुनी. आईच्या भिशीचा नंबर लागला, त्या पैशांतून ती घेतलेली. विकणाऱ्या गृहस्थांनी 'बॅटऱ्या ठणठणीत आहेत' असे छातीठोक सांगितले होते. ती पुष्कळ महिने जिन्याखाली पडून होती हे मात्र त्यांनी सांगितले नाही; ते सीटखालच्या कोळिष्टकांनी सांगितले.

शिशाच्या बॅटरीला असे पडून राहणे मानवत नाही. 1859 साली गास्तों प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती बनविली. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाम्ल हाच तिचा संसार आजही आहे. वीज खर्च झाली की पट्ट्यांवर लेड सल्फेट जमते, आणि वीज भरली की ते निघून जाते. पण रिकामी बॅटरी तशीच ठेवली, तर त्या क्षाराचे कठीण स्फटिक बनतात, आणि मग कितीही वीज भरली तरी ते पुरते हटत नाहीत.

आम्ही दोघे भाऊ (एक नववीत, एक अकरावीत) शेजारच्या वायरमन काकांचा मल्टिमीटर घेऊन बसलो. 12 व्होल्टच्या चार बॅटऱ्या एकीला एक जोडून 48 व्होल्ट केलेले. तिघींनी 12.7 दाखविले, चौथीने 10.6. प्रत्येकीच्या पोटात सहा घरे, दर घराचे सुमारे दोन व्होल्ट. म्हणजे चौथीचे एक घर बसले होते! गणित सुटल्याचा आनंद आम्हांस इतका झाला की दुकानदाराचे म्हणणे आम्ही ऐकूनच घेतले नाही. तो म्हणत होता, "भाई, चारेय बदलवी पडशे." आम्हांस वाटले, याला माल खपवावयाचा आहे. आम्ही एकच बदलली.

दोन महिन्यांत ती नवी बॅटरीही कामातून गेली. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला! माळेतल्या चारही बॅटऱ्यांतून वीज सारखीच वाहते. जुन्या थकलेल्या लवकर रित्या होतात आणि लवकर भरतात. भरताना त्यांचे हिशेब एक, नवीचे दुसरे. शेवटी कोणाचेच पोट नीट भरत नाही. आमच्या काटकसरीने आईला पुन्हा गरनाळ्यात उतरविले होते.

या खेपेस पैसे आजीने दिले. कशासाठी साठविले होते, हे तिने सांगितले नाही व विचारण्याचा धीर आम्हांस झाला नाही. आता लिथियमची बॅटरी घ्यावयाची असे ठरले. तीही लोह-फॉस्फेट जातीची, कारण ती तापून पेटण्याची भीती कमी. या पदार्थाचा शोधनिबंध 1997 साली प्रसिद्ध झाला. त्यावर जॉन गुडइनफ यांच्याबरोबर पाधी आणि नंजुंडस्वामी ही नावे आहेत, हे वाचून आम्हांस घरचेच कोणी भेटल्यासारखे वाटले. गुडइनफ यांना 2019 साली, वयाच्या 97 व्या वर्षी, लिथियम-आयन बॅटरीवरील कामासाठी नोबेल पारितोषिक मिळाले.

जुन्या चार बॅटऱ्यांचे वजन सोळा किलोंच्या वर भरले, नवी साडेसहा किलोंची. खोक्यात पोकळी राहिली, ती आम्ही जुन्या ट्यूबच्या रबराने भरली. सयाजीराव महाराजांनी 1890 साली येथे कलाभवन काढले. दादासाहेब फाळके तेथे शिकले. त्याच्या हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या आम्हां कारागिरांच्या हातून पहिल्याच दिवशी पाना निसटून जुन्या बॅटरीच्या दोन टोकांवर पडला! ठिणगी उडाली, पान्याच्या कडेला खाच पडली. तेव्हापासून आम्ही पान्याच्या दांड्याला चिकटपट्टी गुंडाळतो.

चार्जरही बदलावा लागला. नव्या बॅटरीत 3.2 व्होल्टची पंधरा घरे. दर घराची मर्यादा 3.65, म्हणजे एकूण 54.75. जुना चार्जर 58 च्या वर जात असे. सायकलवरचे दिवे मात्र शिशाच्या सवयीचे राहिले. लिथियमचा दाब अखेरपर्यंत फारसा उतरत नाही, म्हणून दिवे 'भरलेली आहे, भरलेली आहे' म्हणत राहतात आणि मग एकाएकी सगळे विझतात. आई आता दिव्यांकडे पाहत नाही; फेऱ्या मोजते.

राहिली एक गोष्ट. मोटरची शक्ती 250 वॉटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, अशा वाहनास परवाना व नंबर लागत नाही. हा वेग एका बारीक पांढऱ्या वायरीने बांधलेला असतो. ती सोडली की सायकल सुसाट धावते, असे आम्हांस कोणी तरी सांगितले होते. एका संध्याकाळी कमाटीबागेजवळ आम्ही ती सोडली. सायकल खरोखरच सुसाट गेली. ब्रेक मात्र सायकलचेच होते! शेंगांच्या गाडीपासून वीतभर अंतरावर आम्ही थांबलो. गाडीवाला काही बोलला नाही, नुसता पाहत राहिला. तेथेच, दिव्याच्या खांबाखाली, ती वायर आम्ही परत जोडली व वर काळी चिकटपट्टी लावली.

दुसऱ्या दिवशी आईने विचारले, "ही पट्टी कसली रे?" आम्ही म्हणालो, "जुनीच आहे." हा अंक स्नेहसंमेलनाच्या दिवशी घरी येणार आहे, आणि आमच्या घरी तो सर्वांत आधी आईच वाचते.