जॉइंट खात्याच्या तारा

परवा भाच्याने मोबाइलवर वाइस (१६८७–१७५०) या जर्मन संगीतकाराची ल्यूटवरची रचना ऐकवली आणि शेहेचाळिसाव्या वर्षी मला ते वाद्य शिकावंसं वाटलं. चौकशी केली. या बरोक ल्यूटला तारा चोवीस, खाती तेरा! पहिली दोन खाती एकेकट्या तारेची, उरलेली अकरा जॉइंट. खर्जातल्या जोडीत तर एक तार जाडजूड आणि दुसरी सप्तकभर वरच्या पट्टीत बोलणारी. (हे खातं ओळखीचं वाटलं.) जुन्या पद्धतीने वाजवणारे तारा लावतात आतड्याच्या, हवा बदलली की त्या बेसूर. पडदेही आतड्याचेच, दांडीला गाठ मारून बांधलेले.

ऐंशी वर्षं जगलेल्या ल्यूटवादकाची साठ वर्षं सूर जुळवण्यातच जातात, असा टोमणा मात्तेझोनने १७१३ साली मारला. वाइसने १७२३ मध्ये त्याला पत्र लिहून ल्यूटची बाजू मांडली खरी. पण आम्ही कारकून, आकडा दिसला की पेन काढणार. ऐंशीपर्यंत चौतीस वर्षं. तीन चतुर्थांश वजा. बाकी साडेआठ.

"वाजवायला फक्त साडेआठ वर्षं मिळणार गं!" मी हळहळलो.

भाजी निवडता निवडता ही म्हणाली, "अहो, लग्नानंतर माझी सतार साडेआठ दिवस तरी वाजली का?"

रात्री स्टूल लावून माळ्यावरची सतार खाली काढली. तीन तारा शिल्लक होत्या.