मोहाच्या फुलाची गोडी

रायपूरच्या जी. ई. रोडवरून आत वळले की समता कॉलनी लागते. व्यापाऱ्यांची दुमजली-तिमजली घरे, महाराजा अग्रसेन महाविद्यालय आणि शेजारच्या चौबे कॉलनीत महाराष्ट्र मंडळ. नागपूरकर भोसल्यांच्या अमलापासून या शहरात मराठी माणूस नांदतो आहे.

अशा सुखवस्तू वस्तीत मोहाचे नाव काढले की आधी दारूच आठवते. पण जन्माष्टमीच्या दोन दिवस आधी, श्रावण वद्य षष्ठीला, हाच मोह देवापुढे येतो. छत्तीसगढी बायका या दिवसाला कमरछठ म्हणतात. मुलांच्या आयुष्यासाठी त्या उपास धरतात. दिवस हलधर बलरामाच्या जन्माचा, म्हणून नांगरलेल्या जमिनीतले काही खायचे नाही. चालतो तो न नांगरता उगवणारा पसहर तांदूळ, सहा प्रकारच्या भाज्या आणि म्हशीचे दूध-दही. दात घासायचे ते मोहाच्या काडीने, जेवायचे मोहाच्या पानांवर, आणि अंगणात खणलेल्या ‘सगरी’पुढे लाह्यांबरोबर मोहाची सुकी फुले वाहायची. एरवी नाक मुरडणाऱ्या घरातही त्या दिवशी मोहावाचून पूजा होत नाही!

ही फुले जंगलातून येतात. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाखाली सडा पडतो आणि उजाडण्याआधी बायकापोरे टोपल्या घेऊन निघतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. कधी त्यातूनच वणवा पेटतो. उन्हात वाळली की फुले मनुकांसारखी तपकिरी होतात. धान्य संपलेल्या पावसाळी दिवसांत गरिबांच्या घरी याच फुलांनी पोट भरले आहे. भाजलेली फुले तिळाबरोबर कुटून केलेला ‘लाटा’ हा तिथला जुना खाऊ.

दारूही खरीच. गोंडांच्या घरी जन्म, लग्न, मृत्यू, कशातही ती लागते. पहिले थेंब जमिनीवर, पूर्वजांसाठी. इंग्रजांना मात्र त्यात अबकारी उत्पन्नच दिसले. मुंबई इलाख्यात १८९२ मध्ये त्यांनी या फुलांवर कायदाच केला. महाराष्ट्रात फुले गोळा करण्यावरचे, साठवण्यावरचे निर्बंध उठायला २०२१ साल उजाडले. त्याच वर्षी छत्तीसगढची सुकवलेली फुले फ्रान्सला रवाना झाली. आता झाडाखाली जाळी बांधून फूल वरच्यावर झेलतात. माती लागत नाही, पाचोळाही जाळावा लागत नाही, आणि अशा स्वच्छ फुलाला भावही अधिक मिळतो. वेचणाऱ्या बाईच्या दृष्टीने हे महत्त्वाचे.

नशा फुलात नसते. फुलातली साखर आंबली की ती येते. न आंबवता केलेला लाडू लहान मुलांनाही चालतो. दोन वाट्या सुकी फुले निवडून आतले केसर काढावे, दोन-तीन पाण्यांनी धुऊन फुले वाफवावीत आणि कोरडी करावीत. चमचाभर तुपावर परतून, एक वाटी भाजलेले शेंगदाणे व पाऊण वाटी भाजलेले तीळ घालून कुटावीत. गूळ लागत नाही. फूल ओले राहिले तर मात्र लाडू आंबतो, म्हणून परतताना घाई नको. खटाटोप नको असेल, तर ‘छत्तीसगढ हर्बल्स’चे तयार लाडू मिळतात. मोहाचा उग्र गोड वास काही जात नाही. पहिल्या घासाला तो थोडा खटकतो, दुसऱ्याला आवडू लागतो.