आधी तमिळ, मग तंजावर

तंजावरला जाणारा मराठी माणूस तिथे आपलंच काहीतरी शोधायला जातो. मीही तशीच जात होते आणि त्यात वावगं काही आहे असं मला वाटत नव्हतं. बृहदीश्वराच्या देवळात 1803 साली कोरलेला भोसले वंशाचा मराठी शिलालेख, सरस्वती महाल ग्रंथालयातले मोडी कागद, दुसऱ्या सरफोजींचा संगमरवरी पुतळा, जमल्यास एखाद्या तंजावरी मराठी घरात कॉफी, की दौरा पुरा. तमिळ येत नाही म्हणून कधी अडलं नाही. इंग्रजी होतं, खाणाखुणा होत्या, आणि पाहायचं ते सगळं मराठीच होतं.

आज माझं मत वेगळं आहे. तमिळ न शिकता तंजावरच्या मराठ्यांबद्दल अधिकाराने बोलू नये, असं मला आता वाटतं.

परक्या भाषेसाठी उन्हाळाभर दुसऱ्या गावी जाऊन राहण्याची कल्पना मला नवी नव्हती. पुण्यात अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजच्या वर्गात परदेशी मुलं मराठी शिकतात, मराठी घरांत राहतात. आमच्याकडेही अशा मुली राहून गेल्या. त्यांतल्या एकीची मैत्रीण व्हिएतनामी शिकायला हनोईत होती. तिथे समोरच्याला काय म्हणायचं हे त्याचं वय कळल्याखेरीज ठरत नाही, ताई, दादा, मावशी, काका अशी नातीच सर्वनामांचं काम करतात, आणि जेवायला बसताना धाकट्याने एकेका वडीलधाऱ्याला ‘जेवा’ म्हणायचं असतं. पुस्तकात हे चार ओळींत संपतं, पण अंगवळणी पडायला कुणाच्या तरी घरात दोन महिने जेवावं लागतं. त्याच अमेरिकन संस्थेचा तमिळ वर्ग मदुराईत भरतो. पुण्यातून तिकडे तमिळ शिकायला गेलेलं माझ्या ओळखीत कुणी नव्हतं, आणि मला ते खटकतही नव्हतं. परदेशी लोकांना लागतं हे, आपण सगळे एका देशातले, आपलं भागतं, असं मी म्हणत असे.

ऑक्टोबर 2024 मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. तमिळला तो 2004 मध्येच मिळाला होता. त्यानंतरच्या सभांमधून एक वाक्य मी सतत ऐकलं आणि स्वतःही बोलले: भाषेचं प्रेम तमिळ माणसाकडून शिकावं. त्यांचं 1968 पासूनचं द्विभाषा धोरण आम्हाला तोंडपाठ असतं. पण व्यासपीठावरच्या आमच्यापैकी एकालाही तमिळ वाचता येत नव्हतं. ज्यांच्याकडून शिकायचं म्हणतो त्यांची साधी बाराखडीसुद्धा आम्ही उघडली नव्हती. एवढ्या एका विचाराने मी पुढच्या मे महिन्यात कुंभकोणमला खोली घेतली आणि शाळेतून निवृत्त झालेल्या एका तमिळ शिक्षिकेकडे जाऊ लागले. तंजावर मुद्दाम टाळलं. तिथे राहिले असते तर पुन्हा मोडी कागदांकडेच वळले असते.

तमिळ शिकणं सोपं नाही. लिपी लवकर येते, कारण क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर आहे. खरी कसरत पुढे असते. लिहायचं तमिळ एक आणि बोलायचं दुसरं. पुस्तकातलं ‘वरुगिरेन’ रस्त्यावर ‘वरेन’ होतं, आणि दोन्ही यावी लागतात. टीचर सकाळी पुस्तकातलं शिकवायच्या आणि संध्याकाळी मला भाजी आणायला पाठवायच्या.

मे महिन्यात कावेरीच्या पात्रात वाळूच वाळू असते. पूर्वी आले तेव्हाही ती मी पाहिली होती, फोटोही काढले होते. या वेळी चहाच्या टपरीवर ‘दिनत्तंदी’ अक्षर अक्षर लावत वाचू लागले आणि रोज एकच नाव डोळ्यांपुढे येऊ लागलं, मेट्टूर. धरणात पाणी किती, आणि रिवाजाप्रमाणे 12 जूनला ते सुटणार की नाही. त्यावर कुरुवै भाताचं पीक ठरतं आणि भातावर या मुलखाचा बाजार. गल्लीत, बसमध्ये, देवळाच्या ओसरीवर लोक हेच बोलत होते. इतकी वर्षं याच लोकांमधून मी तंजावरात मराठा राज्य उभारणाऱ्या व्यंकोजी राजांची चौकशी करत फिरले होते. सांबार हे नाव संभाजी महाराजांवरून पडलं का, असंही विचारलं होतं. त्यांची सगळ्यात मोठी काळजी कधी माझ्या कानावर आलीच नव्हती.

याच गावच्या सरकारी महाविद्यालयात उ. वे. स्वामिनाथ अय्यर 1880 पासून 1903 पर्यंत तमिळ शिकवत होते. जन्म 1855चा, म्हणजे इंग्रजांनी तंजावरचं राज्य खालसा केलं त्या सालचा. कुंभकोणमला आल्यावर सेलम रामस्वामी मुदलियार नावाच्या मुन्सफाने त्यांना विचारलं, तुम्ही काय काय वाचलंय? अय्यरांनी अलीकडच्या शतकांतल्या ग्रंथांची लांब यादी सांगितली. मुदलियारांवर तिचा काही परिणाम झाला नाही. ‘जीवकचिंतामणी’ वाचलंय का, एवढंच त्यांनी विचारलं. ते वाचलेलं नव्हतं. ते जैन महाकाव्य, आणि अय्यर कट्टर शैव. पण ते गावातल्या जैन घरांत गेले, त्यांच्याकडून एकेक संदर्भ समजून घेतला आणि 1887 मध्ये ग्रंथ छापला. पुढे 1892 मध्ये ‘शिलप्पदिकारम्’, 1894 मध्ये ‘पुरनानूरु’, 1898 मध्ये ‘मणिमेकलै’. आज ज्या संगम वाङ्मयाच्या नि प्राचीन काव्यांच्या जोरावर तमिळचं अभिजातपण आपण भाषणात सांगतो, त्यातला मोठा भाग या माणसाने ताडपत्रांवरून सोडवला, आणि त्यातली कितीतरी वर्षं तो कुंभकोणमला राहत होता. आपलं म्हणून माहीत असलेलं बाजूला ठेवून दुसऱ्याच्या घरी शिकायला बसणं मला या माणसात दिसलं, आणि माझं मत हललं ते इथेच.

आणि पुरतं बदललं ते एका भजनात. बोधेंद्र स्वामींचं गोविंदपुरम्, श्रीधर अय्यावाळांचं तिरुविशनल्लूर, सद्‌गुरू स्वामींचं मरुदानल्लूर, नामसंकीर्तनाची ही तिन्ही ठाणी कुंभकोणमच्या आसपासच आहेत. तिरुविशनल्लूर हे तंजावरच्या शहाजी राजांनी 1693 मध्ये पंडितांना दान दिलेलं गाव. या भजनपद्धतीत आपले अभंग गातात. एकोणिसाव्या शतकात मराठी कीर्तनकार इकडे आले, त्यांच्यापासून तंजावर कृष्ण भागवतरांनी तमिळ हरिकथेला घाट दिला, आणि साकी, दिंडी, ओवी तमिळमध्ये रुजली. हे सगळं मला माहीत होतं, मी त्यावर अभिमानाने लिहिलंही होतं.

त्या भजनाच्या संध्याकाळी शेजारच्या मामींनी त्यांची वही माझ्या बाजूला सरकवली. तुकोबांचा अभंग तमिळ अक्षरांत लिहिलेला. अक्षरांच्या डोक्यावर बारीक आकडे होते. तमिळला ख, ग, घ वेगळे नाहीत, म्हणून क वर 2 घातला की ख, 3 घातला की ग, 4 घातला की घ. ‘पांडुरंग’ या शब्दावर दोन ठिकाणी 3 होता. ‘अभंग’ शब्दात प वर 4, क वर 3. मामींचं बोट आकड्यांवरून न अडखळता सरकत होतं. त्या मराठी कुठे शिकलेल्या नव्हत्या. लहानपणी आईने आकडे वाचायला शिकवले, अर्थ सांगितला, झालं. अर्थ विचारला तर त्यांनी तो मला तमिळमधून नीट सांगितला. माझ्या भाषेतला एक उच्चार बिघडू नये म्हणून या घरातल्या पिढ्यांनी प्रत्येक अक्षरावर आकडा घातला होता. त्यांच्या भाषेसाठी आपण काय केलं, या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

कुंभकोणमच्या दबीर स्ट्रीटवरून मी पूर्वी, रस्त्याच्या नावात मराठी दरबारातलं पद दिसलं म्हणून, ‘पाहा, दबीर!’ म्हणत जायची. तंजावरी मराठी बोलणाऱ्या एका कुटुंबातल्या आजोबांनी मात्र या वेळी दार उघडताच तमिळमध्येच बोलायला सुरुवात केली. महाराष्ट्रातून येणारी माणसं आमची बोली टेपवर घेऊन जातात, म्हणाले, पण आम्ही तमिळमध्ये काय वाचतो ते कुणी विचारत नाही. त्यांच्या कपाटात तमिळ पुस्तकं होती आणि त्यांनी ती एकेक काढून दाखवली. टी. माधवराव 1828 मध्ये याच गावी जन्मले आणि त्रावणकोर, इंदूर, बडोदा इथे दिवाण झाले, हे सांगताना त्यांचा आवाज चढला. आजोबा दोन्ही भाषांचे आहेत. त्यांना फक्त ‘आपला तिकडे राहिलेला माणूस’ म्हणणं मला आता जमत नाही.

अभ्यासाच्या अंगानेही हेच खरं आहे. तंजावरच्या मराठा राजांच्या काळातलं राजकारण आणि समाजजीवन यावर के. एम. वेंकटरामय्या यांचं मोठं पुस्तक तमिळमध्ये आहे. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने ते 1984 मध्ये छापलं. मोडी कागदांचे तमिळ अनुवादही त्याच विद्यापीठाने काढले. आपल्या इतिहासावर तिकडे झालेलं हे काम आपण वाचूच शकत नसू, तर त्यावर मतं देण्याचा अधिकार आपल्याकडे कुठून येतो?

म्हणून एक मागणी. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी मराठीच्या आणि इतिहासाच्या विद्यार्थ्यांसाठी उन्हाळ्यात दोन महिन्यांचा तमिळ वर्ग सुरू करावा, आणि तो तंजावर किंवा कुंभकोणमला, तिथल्या घरांत राहून व्हावा. तोवर थांबायचं कारण नाही. मुंबई महापालिकेच्या तमिळ माध्यमाच्या शाळा आहेत, माटुंग्यात, धारावीत तमिळ शिकवू शकणारी माणसं आहेत. तुमच्या घरात यंदा कुणी पदवीला असेल, तर त्याला तमिळ मुळाक्षरांचं पुस्तक आजच आणून द्या.