दणका आणि टाळी

हायडनच्या ९४व्या सिंफनीला 'सरप्राइज' हे नाव पडलं ते एका दणक्यामुळे. दुसऱ्या भागात व्हायोलिनं दबक्या पावलांनी चाललेली असतात आणि एकाएकी अख्खा वाद्यवृंद कडाडतो. १७९२ साली लंडनकरांना ही थट्टा भलतीच आवडली. पण घरातला मिक्सर लागला तरी ज्याच्या कानांवर घण पडतात, असं मूल या थट्टेला हसत नाही. कान दाबून खुर्चीखाली शिरतं.

मग अशा मुलांसाठी मैफल बांधणाऱ्याने दणका गाळायचा का? गाळायची गरज नसते. आधी सांगून ठेवलं की मूल कानांवर हात ठेवून, डोळे मिचकावत वाट बघतं. अर्थात, हायडनचा विनोद तेवढा फुटतो!

खरं काम पहिल्या सुराआधीच होतं. घरी आधी चित्रगोष्ट पोचते: दार असं दिसतं, दिवे पूर्ण मालवणार नाहीत, नको वाटलं तर इथून बाहेर, तिथे शांत खोली. २ ऑक्टोबर २०११ रोजी ब्रॉडवेवर 'द लायन किंग'चा ऑटिझम असलेल्या मुलांसाठी खास प्रयोग झाला, तेव्हा मोठे आवाज उतरवले होते, डोळ्यांवर येणारा लखलखाट काढला होता. २०१५च्या जूनमध्ये पिट्सबर्ग सिंफनीनेही अशी मैफल केली.

वाद्यांचं एक वेळ जमतं. ट्रम्पेटवाल्याला दम कोंडून हळू वाजवावं लागतं, तो कुरकुरतो, पण वाजवतो. आवरत नाही ती टाळी. तिला ना ताल, ना पूर्वसूचना. शेकडो हात एकदम. म्हणून काही ठिकाणी कर्णबधिरांसारखे हात उंचावून हलवायला सांगतात.

आपल्या बैठकीत समेवर 'वा!' आली नाही तर गवई खट्टू होतो. पाश्चात्त्य सभागृहात मात्र शेवटचा सूर विरेपर्यंत श्वासही जपून घ्यायचा. मे २०१९मध्ये बॉस्टनला हॅन्डेल अँड हायडन सोसायटी मोझार्टचं 'मेसॉनिक फ्यूनरल म्युझिक' वाजवत होती. साधीच मैफल, मुलांसाठी खास केलेली नव्हे. शोकाची रचना शेवटी हळूच उजळते आणि थांबते. त्या शांततेत एका मुलाचा आवाज आला: "वाव!" आधी हशा, मग टाळ्या. संस्थेने त्याचा शोध घेतला. नऊ वर्षांचा, फारसं न बोलणारा, आजोबांबरोबर आलेला.

मैफलीचं ध्वनिमुद्रण चाललं होतं. त्यामुळे मोझार्टच्या शेवटच्या सुरामागोमाग ते 'वाव' आजही ऐकता येतं.